ओतोमींसाठी प्रार्थनेची संध्याकाळ कशी मांडावी

आमच्या चर्चच्या महिला मंडळात दर महिन्याच्या दुसऱ्या शुक्रवारी एखाद्या लांबच्या समाजासाठी प्रार्थना असते. बिस्किटाच्या जुन्या डब्यात चिठ्ठ्या असतात. जिची पाळी तिनं चिठ्ठी काढायची, महिनाभर माहिती गोळा करायची आणि पुढच्या सभेत तासभर सांगून प्रार्थना चालवायची. आषाढात माझी पाळी आली आणि चिठ्ठीत निघाले मेक्सिकोतले ओतोमी. सभा बरी झाली. गडहिंग्लजला असलेल्या आमच्या नणंदबाईंच्या कानावर गेलं, तर त्यांचा लगेच फोन, "वहिनी, आमच्या मंडळात पण असंच घ्यायचंय, काय काय केलंत ते लिहून पाठवा." त्यांना पाठवलं तेच इथं जरा नीट करून लिहिते. मी बत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलंय, त्यामुळं सूचना देण्याची खोड आहे. सांभाळून घ्या.

आधी एक चूक सांगते, म्हणजे तुमच्याकडून होणार नाही. चार वर्षांपूर्वी दुसऱ्या एका समाजाची चिठ्ठी मला आली होती. तेव्हा मी आळस केला. कुणीतरी दिलेला छापील कागद होता, तो उभी राहून वाचून दाखवला. त्यात होतं, हे लोक अंधारात आहेत, भुताखेतांच्या भीतीत जगतात, यांना प्रकाशाची गरज आहे. आमेन झालं, चहा झाला. नंतर मोरीवर कप विसळताना आमच्यातल्या एक वहिनी, माहेर पट्टणकोडोलीकडचं, धनगराघरच्या, लग्नानंतर चर्चला येऊ लागलेल्या, माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "बाई, माझी आई बिरदेवाला भंडारा उधळती. पण ती अंधारात न्हाई. रात्री मेंढरं कुठनं न्यायची ते तिला चांदण्यावरनं कळतंय." मला काही उत्तर सुचलं नाही. कप मात्र सगळे मीच पुसले त्या दिवशी.

तेव्हापासून माझा नेम असा, की कुणाची 'आध्यात्मिक गरज' आपण सांगण्याआधी ती माणसं स्वतः देवाकडं काय मागतात ते शोधायचं. दहातली आठ मागणी आपल्याच घरातली निघतात. हे शोधायला वेळ लागतो. महिना पुरा द्या, आदल्या रात्री बसू नका.

नावापासून सुरुवात करा. 'ओतोमी' हे त्यांनी स्वतःला दिलेलं नाव नव्हे, ते आलंय पूर्वी मेक्सिकोत राज्य करणाऱ्या आझ्टेकांच्या नाहुआत्ल भाषेतून. आझ्टेक लोक आपल्यातल्या अडाणी, गबाळ्या माणसाला "ओतोमीच आहेस" म्हणून झिडकारायचे, हे साहागून नावाच्या फ्रान्सिस्कन साधूनं १६व्या शतकातच नोंदवून ठेवलंय. मेस्कितालच्या खोऱ्यातले लोक स्वतःला ह्न्याह्न्यू म्हणतात, डोंगराकडचे न्यूहू म्हणतात, आणखीही रूपं आहेत. 'ह्न्या' म्हणजे बोलणं. ही भाषा सुरावर चालते. तोच शब्द उंच सुरात म्हटला की एक अर्थ, खालच्या सुरात दुसरा. मी फळ्यावर 'ह्न्याह्न्यू' लिहून सगळ्यांना नाकातून म्हणायला लावलं. हसू झालं, पण नाव डोक्यात बसलं. २०२०च्या मेक्सिकोच्या जनगणनेत ही भाषा बोलणारे सुमारे ३ लाख होते. म्हणजे कोल्हापूर शहराच्या निम्म्याहून जरा जास्त धरा. आकडा असा सांगितला की बायकांच्या ध्यानात राहतो, नुसता सांगितला तर चहाबरोबर खाली जातो.

नकाशा लावा, पण त्यावर काठी फिरवत बसू नका. आपल्या सह्याद्रीवरून समजवा. गगनबावड्याला धो धो पाऊस, आणि तेच ढग पुढं जतला पोचेपर्यंत रिकामे. मेक्सिकोच्या पूर्वेकडं सिएरा माद्रेची रांग आहे, तिथं अगदी हेच, पण उलट्या बाजूनं. ढग पूर्वेच्या समुद्राकडून येतात. डोंगरातले ओतोमी धुक्यापावसात राहतात, आणि रांगेच्या आडोशाला, इदाल्गो राज्यातल्या मेस्किताल खोऱ्यातले, निवडुंग-बाभळीच्या कोरड्या रानात. जतची एक सून आमच्यात आहे. ती म्हणाली, "मग पाण्याचं मला विचारा." तिलाच उठवून दोन मिनिटं बोलायला लावलं. माझ्या दहा मिनिटांपेक्षा ते चांगलं झालं.

खोऱ्यातल्या पाण्याचं दुखणं मात्र जतला नाही ते आहे. मेक्सिको शहराचं सांडपाणी शंभराहून जास्त वर्षं या खोऱ्यात सोडलं जातंय आणि त्यावरच मका, चारा, भाजीपाला पिकतोय. अलीकडं मोठं शुद्धीकरण केंद्र झालंय. तरी पाणी घाण म्हणून सोडताही येत नाही आणि तेच शेताला खत म्हणून धरलंय, अशी अडचण. आपण पंचगंगाकाठचे, हे फार समजवावं लागलं नाही.

आता हातात धरायच्या वस्तू. दोनच आणा, पण खऱ्या.

पहिली घायपात. आपल्या बांधावर, रेल्वेच्या कडेला उभी असते तिच्याच जातकुळीतली, त्यांच्याकडं मॅगे म्हणतात. एक पान कापून आणा. पानाच्या शेंड्याचा काटा आधी छाटून टाका. मी टाकला नाही, पाळकसाहेबांच्या मुलाच्या गुडघ्याला लागला. पान फळीवर ठेवून बोथट सुरीनं गर खरवडला की पांढरे धागे उरतात. हात खाजतो, मोजे घाला. मेस्कितालच्या बायका त्या धाग्याचं सूत काढायच्या आणि त्याचं विरळ कापड विणून त्यात ओझं, सरपण, लेकरू पाठीला बांधायच्या. चालता चालता चाती फिरवत सूत काढणारी बाई तिथं नेहमीची होती. हे सांगितल्यावर पट्टणकोडोलीच्या वहिनी मागच्या रांगेतून पुढं आल्या. त्यांच्या आजोबांची लोकरीची चाती अजून घरात आहे म्हणे.

घायपातीचं अजून एक सांगण्यासारखं आहे. हे झाड वाढायला आठ-दहा वर्षं घेतं आणि आयुष्यात एकदाच फुलतं. फुलाचा दांडा वर यायच्या आत त्याचा गाभा कापतात आणि खोबणी करतात. त्यात गोड रस साठतो, तो दिवसातून दोन वेळा लांब भोपळ्यानं ओढून घ्यायचा आणि खोबणी परत खरवडायची, असं काही महिने चालतं, मग झाड वाळून जातं. तो रस आंबला की पुल्के होते. आपल्या नीरा-ताडीसारखंच. दुष्काळी रानात पाण्यापेक्षा हेच जास्त प्यायलं गेलंय. आमच्या एका काकूंनी "म्हणजे दारूच की" म्हणून तोंड वाकडं केलं. तिथं वाद घालू नका, पुढं चला.

दुसरी वस्तू मका, आणि यावर जरा थांबा, कारण सभा खरी इथं जमते. त्यांचं जेवण म्हणजे चुन्यात शिजवलेल्या मक्याची भाकरी. ती आदल्या दिवशी स्वतः करून बघा. अर्धा किलो वाळलेला मका घ्या, पांढरा मिळाला तर उत्तम, नाही तर पिवळा. कणसाचे कोवळे दाणे चालत नाहीत. दीड लिटर पाण्यात पानपट्टीवरचा खायचा चुना एक लहान चमचा कालवा. रंगाच्या दुकानातला नको. त्यात मका घालून मंद आचेवर चाळीस मिनिटं शिजवा, झाकून रात्रभर ठेवा. पातेलं स्टीलचं किंवा मातीचं घ्या. मी पहिल्यांदा ॲल्युमिनियमच्या पातेल्यात केलं, चुना त्याला लागून आतून काळं पडलं आणि मका टाकून द्यावा लागला. सकाळी दाणा दोन बोटांत चोळला की साल सुटली पाहिजे. चार पाण्यांनी चोळून धुवा. वास उकडलेल्या पावसाळी मातीसारखा येतो, घाबरू नका. मिक्सरला हे जड जातं, थोडं थोडं घाला किंवा पाट्यावर वाटा. पीठ हाताला चिकटत नाही इतपत झालं की लिंबाएवढा गोळा दुधाच्या पिशवीच्या दोन तुकड्यांत दाबून चपटा करा आणि तेल न लावता तव्यावर टाका. आपल्या भाकरीसारखी थापायला गेलात तर तुटते.

चुन्यानं मक्यातलं एक जीवनसत्त्व अंगाला लागण्याजोगं होतं. युरोपात मका गेला, चुन्याची रीत गेली नाही, आणि नुसत्या मक्यावर जगणारी गरीब माणसं पेलाग्रा नावाच्या रोगानं आजारी पडली. आमच्या मंडळात दोन परिचारिका आहेत, त्यांना हे फार आवडलं. इकडं बाकीच्या भाकरी संपवून मोकळ्या.

भाकरी हातात असतानाच श्रद्धेकडं वळा. आता बायकांना कळतं की त्यांच्यासाठी मका म्हणजे काय.

डोंगराकडच्या ओतोमींत बियाण्याला जीव आहे. पुएब्ला राज्यात सान पाब्लितो नावाचं गाव आहे, तिथं झाडाच्या सालीचा कागद करतात. जुन्या काळी ही साल आपल्या वड-उंबराच्या कुळातल्या झाडांची असायची, आता बहुतेक खोनोते नावाच्या झाडाची. साल राखेच्या किंवा चुन्याच्या पाण्यात उकळायची, लाकडी फळीवर तिच्या पट्ट्या जाळीसारख्या उभ्या-आडव्या मांडायच्या आणि हातात मावेल अशा चपट्या दगडानं ठोकत राहायचं. ठोकता ठोकता पट्ट्या एकमेकींत शिरतात, जाळीची भोकं बुजतात, आणि फळीसकट उन्हात ठेवलं की कागद सुटून येतो. त्यांचा जाणता त्या कागदातून आकृती कापतो. मी 'जाणता' म्हणते ते मुद्दाम. त्यांच्या शब्दाचा, 'बादी'चा, अर्थच 'ज्याला ठाऊक आहे तो'. आपण देवऋष्याला जाणता म्हणतो ना, तसंच. मक्याच्या आकृतीला दोन्ही हात वर केलेले आणि बाजूनं कणसं फुटलेली असतात. घेवड्याची वेगळी, मिरचीची वेगळी. या आकृत्यांपुढं नैवेद्य मांडून पाऊस, पीक आणि आजाऱ्याला आराम मागतात. आणि हे करणारी माणसं बाप्तिस्मा घेतलेली कॅथलिक असतात, संतांच्या मूर्तीही त्यांच्याच देव्हाऱ्यात असतात.

इथं एक सूचना. कुणीतरी म्हणेलच, "लहान मुलांना घोटीव कागद देऊया, त्या आकृत्या कापतील." नको. ती त्यांच्या पूजेतली गोष्ट आहे. आपल्या भाकरी-द्राक्षरसाचा कुणी शाळेत खेळ मांडला तर आपल्याला कसं वाटेल? मुलांना गुंतवायचंच असेल तर तेनांगोचं भरतकाम द्या. तेनांगो दे दोरियाच्या बाजूला १९६०च्या दशकात दुष्काळ पडला, तेव्हा बायकांनी विकायला म्हणून हे काम वाढवलं. पांढऱ्या कापडावर पक्षी, हरणं, कोंबडे, फुलं रेखायची आणि भडक रंगाच्या दोऱ्यानं गच्च भरायची. रेघोट्या मारून रंगवायला मुलांना छान.

क्वेरेतारो राज्यात तोलिमान भागातले ओतोमी-चिचिमेक लोक दरवर्षी पेन्या दे बेर्नाल नावाच्या प्रचंड उघड्या सुळक्यावर क्रूस घेऊन चढतात. पावसासाठी, रक्षणासाठी आणि पूर्वजांच्या आठवणीसाठी. प्रत्येक भावकीचं आपलं छोटं चॅपेल असतं, त्यात घरातले गेलेले लोक आठवले जातात. युनेस्कोनं २००९ साली या परंपरेला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. मी हे सांगत होते आणि खाली रस्त्यावरून पिपाणी नि ढोलाचा आवाज आला. पी ढबाक, पी ढबाक. आषाढातला शुक्रवार, कुठल्या तरी गल्लीतल्या बायका पंचगंगेच्या नव्या पाण्याच्या कळशा घेऊन टेंबलाई देवीला निघालेल्या. माझं बोलणं ऐकू येईना. एरवी आम्ही खिडक्या लावून घेतो. त्या दिवशी म्हटलं, लावू नका. दोन मिनिटं सगळ्या नुसत्या ऐकत बसल्या. मग पुढं सांगायला मला फारसं काही उरलं नाही. तुमच्याकडं आषाढात सभा नसेल तर पी ढबाक आणणार कुठून, पण तुमच्या गावचं पाणी मागायचं काहीतरी असेलच.

झेंडूचं एक वाक्य घाला, जास्त नको. आपल्या दसऱ्याचा झेंडू मूळ मेक्सिकोचा. तिकडं १ आणि २ नोव्हेंबरला मेलेल्या माणसांसाठी त्याच्या पाकळ्यांनी वाट आखतात.

आता गरजा. इथं मी प्रार्थनेचे विषय कागदावर लिहून दिले. प्रत्येकीला एकच चिठ्ठी, मोठ्या अक्षरात, चष्मा विसरलेल्यांसाठी.

पहिला विषय घरापासून लांब गेलेल्यांचा. मेस्कितालमधून पिढ्यान्‌पिढ्या माणसं अमेरिकेत गेलीत. एकट्या फ्लोरिडातल्या क्लिअरवॉटर गावात मेस्किताल खोऱ्यातल्या इश्मिकिल्पान गावाकडच्या ह्न्याह्न्यूंची मोठी वस्ती आहे. कागदपत्रं नसलेला मुलगा आईच्या मातीला येऊ शकत नाही, कारण आला तर परत जाता येत नाही. एल आल्बेर्तो नावाच्या गावानं तर २००४ पासून रात्रीची एक पायपीट सुरू केलीय. पर्यटकांना अंधारात नदीकाठानं, चिखलातून पळवतात, गावकरीच सीमेवरचे पोलीस होऊन मागं लागतात. गावातल्यांनी खरंच जे सोसलं त्याचा खेळ करून पोट भरायचं, म्हणजे तरुणांना पुन्हा जावं लागू नये. आमच्यात तिघींची मुलं दुबई-मस्कतला आहेत. हा विषय त्यांनाच द्या.

दुसरा विषय भाषेचा. घरात आजी ह्न्याह्न्यू बोलते, नातू स्पॅनिशमध्ये उत्तर देतो. देवाशी मनातलं बोलताना माणूस कुठली भाषा काढतो, हे ज्यानं त्यानं आठवून बघावं. मी इंग्रजीत प्रार्थना करून बघितली आहे, अर्ज केल्यासारखं वाटतं.

तिसरा विषय जड आहे, पण टाळू नका. तिथं गेल्या काही दशकांत बरेच लोक आपल्यासारखे प्रोटेस्टंट, पेंटेकॉस्टल झाले. गावातला संताचा उत्सव पाळीपाळीनं एकेका घरानं उचलायचा असतो, सगळ्यांनी वर्गणी आणि कष्ट द्यायचे असतात. नव्या मंडळींनी ते नाकारलं. मग काही गावांत त्यांचं पाणी तोडलं, वीज तोडली, गावाबाहेर काढायच्या गोष्टी झाल्या. आपल्या बाजूच्या माणसांचे हाल ऐकून आपल्याला साहजिक राग येतो. मलाही आला. पण माझ्या आजोबांनी ख्रिस्ती झाल्यावर गावजत्रेची वर्गणी बंद केली, तेव्हा गावानं त्यांचं बलुतं बंद केलं, आणि आजी सांगायची, "चूक त्यांची होतीच. पण ह्यांनी पण वर्गणी नको तर विहिरीचा गाळ काढायला तरी जायचं होतं." मला आजीचं पटतं. गावाला धर्म सोडल्याचं जेवढं लागतं, तेवढंच ओझ्याखालून खांदा काढल्याचं लागतं. म्हणून चिठ्ठीत दोन्हीकडच्यांसाठी लिहिलं, आणि पाणी तोडणाऱ्यांसाठीही. एका बाईंना पटलं नाही, त्यांनी चिठ्ठी घडी घालून पर्समध्ये टाकली. चालायचंच.

इश्मिकिल्पानच्या १६व्या शतकातल्या चर्चचं चित्र मिळालं तर जरूर दाखवा. देवळाच्या आतल्या भिंतीवर पिसांचे शिरपेच घातलेले तिथलेच लढवय्ये, वेलांच्या वेटोळ्यांत लढतायत. चर्चच्या भिंतीवर असं चित्र कुणीच पाहिलेलं नसतं. आमच्यात त्यावरून इतकी चर्चा झाली की मी घड्याळ दाखवलं.

वेळेचं गणित असं ठेवा: नाव आणि नकाशा दहा मिनिटं, वस्तू आणि भाकरी वीस, श्रद्धा पंधरा, प्रार्थना पंधरा. माझं कोलमडलं, तुमचंही कोलमडेल. वेळ कमी पडली तर माझं बोलणं कापा, प्रार्थना नको. आणि प्रार्थनेत "त्या लोकांना" म्हणू देऊ नका, नाव घ्यायला लावा. एरवी दोन वाक्यांत ओतोमी विसरतात आणि "जगातल्या सर्वांना आशीर्वाद दे" सुरू होतं.

शेवटची चिठ्ठी पावसाची होती, ती पट्टणकोडोलीच्या वहिनींकडं गेली. त्या उभ्या राहिल्या, पदर डोक्यावर घेतला. "देवा, मेस्कितालात पाऊस दे. मक्याला दे, घायपातीला दे. नुसता वरच्या डोंगरात पाडू नको, खालीबी येऊ दे." एवढंच बोलून खाली बसल्या. मग मोरीवर त्या कप विसळायला लागल्या आणि मी पुसायला.

मक्याचं पीठ उरलं तर फ्रिजमध्ये दोन दिवस राहतं. तिसऱ्या दिवशी आंबतं, मग त्याचे आप्पे करा, वाईट लागत नाहीत.